पाय उचलला की आवाज

हे कुणी खरं मानणार नाही, आणि मानावं असा माझा आग्रहही नाही. खरं मानलेल्या गोष्टीची चव दोन दिवसांत उतरते. तरी सांगतो. अठ्ठावन्न सालच्या माघात, चाकणच्या पलीकडच्या एका वाडीत, साठ-सत्तर माणसांदेखत मी एका मुलीचं नाव पायानं घेतलं. तोंड मिटलेलं होतं. ओठांवर कापूस ठेवला असता तर हलला नसता. आणि नाव असं उमटलं की त्या वाडीतल्या तीन अंबूंनी तीन घरांतून ओ दिली, त्यातली एक सत्तरीची होती आणि गेली बारा वर्षं ठार बहिरी होती. समोर जहीर बसला आहे, तो हसतो. माझा दोस्त हनीफ, त्याचा हा मुलगा. पिंपरीच्या बाजारातलं बापाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आता हाच बघतो. आज सकाळी दुकानाचा पोटमाळा उपसताना त्याला एक लाकडी पायटा सापडला, सपातीएवढा, मागच्या बाजूला बिजागरी, खालून एक कुजलेली दोरी लोंबणारी, आणि तो पिशवीत घालून तो थेट माझ्याकडे आला. "काका, हे काय आहे? अब्बांनी खडूनं 'अंबू' लिहिलंय आतून." मी पायटा हातात घेतला. खडू अजून शाबूत होता. पलीकडे आमची ही, म्हणजे खुद्द अंबूबाई, वालाच्या शेंगा सोलत बसली होती. टच् टच् आवाज येत होता. मी ही गोष्ट आजवर शंभरदा सांगितली असेल, पण ती नेमकी स्वयंपाकघरात असताना. आज ती समोर होती. तरी शेंगा सोलणाऱ्या बाईचे कान शेंगांतच असतात असं मी धरून चाललो.

सत्तावन्नची दिवाळी नुकतीच सरलेली. मी पिंपरीतल्या एका नव्या कारखान्यात फिटर होतो, पहिली शिफ्ट सुटली की डबा काखेत मारून हनीफच्या दुकानात जाऊन बसायचं हा माझा नेम. दुकान म्हणजे काय, सहा फुटांची खोली, मागे पडदा, पडद्यामागे त्याचं बिऱ्हाड. सगळीकडे पोट उघडलेले रेडिओ. त्या दिवशी हनीफनं जुन्या रेडिओंच्या सामानातून बांधलेला अँप्लिफायर फळीवर उघडा ठेवला होता, आणि मी चहाचा पेला उचलायला वळलो तसं माझं कोपर त्याच्या पत्र्याला लागलं. धक्का तसा लहानच. माझ्या शर्टाची पितळी बटणं तेवढी तापली आणि हनीफनं त्यातल्या दुसऱ्या बटणावर विडी पेटवून घेतली, पण ते सोडा. धक्क्याचं मला काही नाही. त्याच्या पाठोपाठ जे झालं त्यानं मी हादरलो. माझ्या तोंडून एक आख्खं वाक्य बाहेर पडलं. "हनीफ, लेका, ही पेटी आहे की भुताचं बिऱ्हाड, मारतोस का काय गरिबाला." सलग. मध्ये कुठे खड्डा नाही, ठेच नाही. हनीफ विडी तोंडात धरून बघतच राहिला. "क्या बोला तू? परत बोल." मी तोंड उघडलं. "ह-ह-ह-" झालं. तोच हनीफ, तोच मी, आणि मधे तोच जुना दगड. हनीफनं मान हलवली, लागलेलं स्टेशन निसटल्यावर हलवायचा तशी. "होतं," तो म्हणाला, "आत्ता होतं. म्हणजे आत आहे, ज्योत्या. फक्त लागत नाही."

आता मी बोलायला बसलो की जहीरच्या बायकोचा भात करपतो, पण तेव्हा मी बोलताना अडायचो. तोतरा म्हणत लोक. तो शब्द मला आवडत नसे कारण तोही मला म्हणता येत नसे. बाहेरच्या माणसाला वाटतं की अडणाऱ्याला शब्द सापडत नाही. उलट आहे. शब्द दाराशी येऊन उभा असतो, टोपी घालून, पायताण चढवून, आणि दार आपणच आतून रेटत असतो. जितकं रेटावं तितकं घट्ट, कारण ते आत उघडणारं दार असतं. हे मला फार उशिरा कळलं. शाळेत हजेरी व्हायची तेव्हा माझं नाव यायच्या आधी सात नावं असत, आणि त्या सात नावांमध्ये मी पोटातून 'ह' गोळा करून आणायचो, दातांमागे उभा करायचो. 'हजर' पूर्ण होईपर्यंत मास्तर पुढच्या तिघांवर गेलेले असत आणि मी माझ्याच बाकावर गैरहजर. 'ह' तरी बरा, त्याला धरायला वारा असतो. 'ज' माझ्या नावातलाच, घरचा वैरी. पण सगळ्यात वाईट म्हणजे नुसता 'अ'. त्याला कडीच नाही. हाताला काही लागत नाही. कारखान्यात मी सुखी होतो ते एवढ्याचसाठी. लेथच्या घरघरीत तिथे शहाणी माणसंसुद्धा खुणांनीच बोलायची. आणि संध्याकाळी सुखी होतो ते गिटारमुळे.

ती गिटार हनीफनं खडकीच्या जुन्या बाजारातून आणली होती. हवाईयन म्हणायचे, स्टील गिटार म्हणायचे, वायर जोडून विजेवर वाजवायची. उभी धरायची नाही, मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हातात पोलादी दांडी, ती तारांवरून नुसती सरकवायची, आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडायची. दाबायचं काही नाही, सरकवायचं. एका सुरातून दुसऱ्या सुरात दांडी अशी जायची की मधली पायरी दिसूच नये. मी पहिल्यांदा ती मांडीवर घेतली तेव्हा झोपलेलं मूल घ्यावं तशी घेतली, आणि तीन महिन्यांत कुणी न शिकवता रेडिओवरची गाणी काढायला लागलो. गल्लीत लोक थांबायचे. भाजीवाली पावशेर जास्त द्यायची. पण मला त्यात एक खोट ऐकू येई, इतर कुणाला येत नसे. तार छेडली की आधी 'टण्' होई आणि मग सूर. प्रत्येक सुराच्या दारात तो 'टण्' उभा. टण् आ, टण् ई. हा माझाच आजार होता, फक्त दुसऱ्या बाजूनं. मला पहिलं अक्षरच नसलेला सूर हवा होता. कुठून आला कळू नये, नदीवर धुकं येतं तसा. एकदा रेडिओवर कुण्या परदेशी वादकाची तबकडी लागली आणि तसाच सूर आला, शून्यातून फुगत, नख्यांचा मागमूस नाही. मी हनीफच्या मनगटाला धरलं. त्यानं कान लावला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "दोन्ही हात गुंतलेत ना त्याचे? मग राहिलं काय? पाय. याचा व्हॉल्यूम पायात आहे."

ही गोष्ट तिथेच राहिली असती. पण मार्गशीर्षात उद्धवमामा, म्हणजे माझे सख्खे मामा आणि आमच्याच कारखान्यात स्टोअरला, मला चाकणच्या पलीकडे मुलगी बघायला घेऊन गेले. हिंदुराव म्हणून कांदा-बटाट्याचे बागायतदार, त्यांची मुलगी. मामांनी वाटेत बजावलं, "तू गप बस. मी आहे." आणि ते खरोखर होते. माझं शिक्षण त्यांनी सांगितलं, पगार त्यांनी सांगितला, मला पोहे आवडले हेही त्यांनीच सांगितलं. मी ओसरीवर बसून आढ्याकडे बघत होतो. आढ्याला तीन कंदील टांगलेले, पाहुणे येणार म्हणून काचा राखेनं घासून लख्ख केलेल्या, आणि मला त्या काचा अँप्लिफायरमधल्या व्हॉल्व्हच्या नळ्यांसारख्या दिसत होत्या, न पेटलेल्या. एवढ्यात हिंदुराव म्हणाले, "मामा, तुमचं समदं ऐकलं. आता ह्यास्नी त्वांड हाय का न्हाई?" सगळे हसले. मामाही हसले, जरा जास्तच. "नाव काय तुमचं?" मला थेट प्रश्न. मी सुरुवात केली. ज्. ज्. ज्. अशा वेळी लोक काय करतात ते मला पाठ आहे. कुणी जमिनीकडे बघतं, कुणी खोकतं, दयाळू माणूस तुमच्यासाठी नाव पुरं करून टाकतो, आणि तो सगळ्यात जास्त लागतो. तिघांनी एकदम "ज्योतीराम" म्हटलं. समोर पाटावर बसलेली मुलगी मात्र काही म्हणाली नाही. ती खाली बघत नव्हती. ती बसून होती आणि वाट बघत होती, एस्टी येणारच आहे अशा खात्रीनं फाट्यावर बसतात तशी. लोकांनी नाव पुरं केल्यावर तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. तिला विचारलं नाव काय, तर म्हणाली, "अंबू." ओठ मिटले, उघडले, संपलं. दोन ठोके. मला वाटलं, एवढं सोपं कुणाचं नाव असू शकतं? आणि पुढच्याच क्षणी ध्यानात आलं, की हे 'अ'वरनं सुरू होतं.

हिंदुराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला विहीर दाखवायच्या निमित्तानं बाजूला नेलं. "राग मानू नगा. माझी पोर बोलघेवडी हाय. सकाळधरनं रातीपत्तुर तोंडाचा पट्टा. तिनं जल्मभर भिंतीशी बोलायचं का? साखरपुड्याला समद्यांम्होरं तिचं नाव घ्या. उखाणा न्हाई जमला तर ऱ्हाऊ द्या, निस्तं नाव. घेतलं की नारळ तुमचा. न्हाई तर जेवून जा, आमचं काय म्हननं न्हाई." निस्तं नाव. बाकीच्या नवऱ्यामुलांना बायकांनी अडवून, चिडवून, दार रोखून नाव घ्यायला लावायचं असतं, आणि ते लाजत लाजत चार ओळी जुळवून म्हणतात. गंमत असते ती. मला दोन अक्षरं हवी होती. परतीच्या एस्टीत मोशीचा पूल ओलांडेपर्यंत मी मनात तिला सत्तावीस वेळा हाक मारली आणि सत्तावीस वेळा दार आतून रेटलं.

हनीफला सांगितलं. म्हणजे लिहून दाखवलं. त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली, कानामागची पेन्सिल काढली आणि चिठ्ठीच्या मागे एक पाऊल काढलं, पावलाखाली एक चौकोन. "तू नाही घेणार नाव," तो म्हणाला. "ही घेईल." आणि गिटारकडे बोट केलं. मी त्याला वेड्यात काढायला गेलो, पण तोवर त्यानं पडद्यामागे जाऊन सुरय्यावहिनीच्या शिलाई मशीनचा खालचा लोखंडी पायटा सोडवायला घेतला होता. आतून आवाज आला, "अजी, आधी तिसऱ्या गल्लीतले चार गरारे शिवून होऊ देत. कोण शिवणार, ज्योतीरामभाईंची गिटार?" हनीफ म्हणाला, "एका माणसाचं लग्न अडलंय." तसा वहिनीनं स्वतःच पान्हा पुढे केला. त्या पायट्याला हनीफनं रेडिओतला आवाज कमीजास्त करायचा खुंटा बसवला, आणि रेडिओचा काटा ज्या दोरीनं सरकतो ती दोरी त्या खुंट्याला गुंडाळून पायट्याला बांधली. पाय हलला की खुंटा फिरणार. गिटारची वायर यात, यातून वायर अँप्लिफायरला. संध्याकाळी मी बसलो, पाय ठेवला, पंजा दाबला, तार छेडली. काही नाही. आणखी दाबला. काही नाही. वैतागून पाय उचलला आणि सूर एवढा मोठा आला की फळीवरचे तीन मुके रेडिओ, वायर न जोडलेले, आपोआप गायला लागले. पैकी एक तर बातम्या देत होता. हनीफनं दोरी उलटी गुंडाळली होती. रेडिओवाल्याचा हात, काटा उजवीकडे नेतात तशी त्यानं सवयीनं गुंडाळली. दाबलं की बंद, सोडलं की चालू. तो लगेच पेचकस घेऊन सरसावला. "दोन मिनिटं. सुलटी करतो." मी त्याचा हात धरला.

का धरला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, नुसतं तोंडानंच नाही, मनातसुद्धा. मी पुन्हा पंजा दाबला, तार छेडली. 'टण्' झाला तो पायाखाली, कुणालाच ऐकू आला नाही. मग हळूहळू पाय उचलला, आणि सूर आला. पहिलं अक्षर नसलेला. पवनेवरच्या धुक्यासारखा दुकानभर पसरला, आणि पडदा हलला असं मला दिसलं. माझे डोळे भरून आले आणि मी हसत होतो. माझा सगळा जन्म दाबण्यात गेला होता. दाबलं की बंद, हे काही हनीफच्या दोरीनं शोधून काढलेलं नव्हतं, माझ्या घशात तीच दोरी तशीच उलटी गुंडाळलेली होती, आणि मी सव्वीस वर्षं ताकद लावत होतो. सोडायचं. पाय उचलायचा, की येतं. मी त्या संध्याकाळी तो एकच सूर शंभर वेळा आणला. कारखान्यातसुद्धा कानस चालवताना उजवी टाच आपोआप खाली रुतायची आणि पंजा हळूच वर यायचा; शेजारच्या माणसानं विचारलं, मुंग्या आल्यात का. जहीरला हे सांगतानाही बघतो तर चपलेतला पंजा वर आलेला.

पण नाव म्हणजे नुसता सूर नाही. त्याला तोंडाचा आकार लागतो. म्हणून दुसरा पायटा, हा जहीरच्या पिशवीतला, लाकडी. हनीफनं जुन्या खोक्याच्या फळीचा केला, बिजागरी दाराची. याच्यात आवाजाचा पोत बदलायचा खुंटा: पाय पुढे झुकवला की सूर बोथट, ओठ पुढे काढून 'ऊ' म्हटल्यासारखा, मागे घेतला की धारदार, 'आ' सारखा उघडा. आता दोन पायटे आणि एक गिटार, यांची साखळी कशी लावायची यावर आमचे चार दिवस गेले. हनीफनं आधी आवाजाचा पायटा लावला आणि त्याच्यापुढे पोताचा. झालं असं, की आवाज बंद केला तरी पोताच्या पायट्याची स्वतःची घूं घूं पुढे अँप्लिफायरमध्ये जातच राही. मी गप्प, आणि गप्प असण्याचाच आवाज. तो मला ओळखीचा होता. उद्धवमामा बोलत असताना मी ओसरीवर बसून तेच करत होतो. पाचव्या दिवशी मीच खूण केली, उलट लाव. गिटारीतून आधी पोत, मग आवाज, मग पेटी. आवाजाचा पायटा शेवटी, दारावर. हनीफनं गरम कावीनं वायरीला कथलाचा डाग दिला, फुंकर मारली, मी पंजा दाबला, आणि खरी शांतता झाली. रस्त्यावरचा टांगा ऐकू आला. सुरय्यावहिनीच्या बांगड्या ऐकू आल्या. मग डावा पाय मध्यावर, उजवा उचलला: 'अं'. उजवा पटकन दाबला, ओठ मिटले. डावा पुढे झुकवला, दुसरी तार, उजवा सोडला: 'बू'. पडद्यामागून वहिनी म्हणाली, "कौन अंबू?" हनीफनं पेचकस हवेत फेकला. तो अजून खाली आलेला नाही. आम्ही दोघं त्या सहा फुटांत नाचलो, तो माझ्या खांद्यावर हात टाकून, मी गिटार छातीशी धरून, आणि नंतर त्यानं खडू घेतला आणि लाकडी पायट्याच्या पोटात ते नाव लिहिलं, आपण कशासाठी हे केलं ते विसरू नये म्हणून.

मग माघ. साखरपुडा सकाळचा, दहाच्या सुमाराचा. हनीफच्या ओळखीचा एक बटाट्याचा ट्रक होता, त्याच्या मागे आम्ही सगळी सामग्री रचली: पेटी, गिटार, दोन पायटे, वायरींचं भेंडोळं, आणि वर हनीफ स्वतः, नवी टोपी घालून. मामांना काही सांगितलेलं नव्हतं, ते पुढे ड्रायव्हरजवळ बसून माझ्या वतीनं काय काय बोलायचं ते घोकत होते. वाडीत मांडव घातलेला. माणसं आली, बायका आल्या, दाराशी चुलत्या-मावश्यांची फळी. अंबू पाटावर हिरव्या लुगड्यात. हिंदुरावांनी नारळ मांडीवर घेतला आणि म्हणाले, "हं. घ्या." मामांनी घसा खाकरला, हिंदुरावांनी नुसता हात वर करून त्यांना थांबवलं. एवढी शांतता झाली की बैलाची शेपटी वाजावी. मी गिटार मांडीवर घेतली. लोकांत कुजबूज. "ह्ये काय, दळान मांडलंय का?" हनीफनं बटण दाबलं, व्हॉल्व्ह लालसर पेटले, एकेक करून, जणू आढ्याच्या कंदिलांनाच कुणी काडी लावली. मी दोन्ही पायट्यांवर दोन्ही पावलं ठेवली. उजवा दाबला. तार छेडली. आणि सोडलं. अं. बू. कांद्याची रास घरंगळली. चाकणच्या बाजारात त्या दिवशी कांदा दोन आण्यांनी उतरला. तीन घरांतून तीन अंबू ओ देत आल्या, बहिरी सर्वांत पुढे. हिंदुरावांच्या मांडीवरचा नारळ आपोआप तडकला, आणि माझी अंबू, मान वर करून, सगळ्यांदेखत गिटारीवर अशी भाळली, की-

"काका," जहीर म्हणाला. तो पायट्याच्या बिजागरीला बोट लावून बसला होता. "एक विचारू का? पिन कुठं लावली?"

"कसली पिन?"

"पेटीची. व्हॉल्व्हची पेटी म्हणजे लाइट पाहिजे. वाडीत..."

"अरे, तुझा बाप म्हणजे काय साधा माणूस होता का? ट्रकच्या बॅटरीवर जोडली."

पलीकडचा टच् टच् थांबला. किती वेळापूर्वी थांबला होता कोण जाणे. अंबूनं ताट खाली ठेवलं आणि ओच्यातली टरफलं झटकली.

"कसला टरक," ती म्हणाली. "एस्टीनं आलं ह्ये चाकनपत्तुर. पुढं आमच्या बाबांनी बैलगाडी धाडली व्हती. जहीर, बैलास्नी बॅटरी असती का रं?"

"अगं, तू गप-"

"लई साल गप बसले. गिटारीवर भाळली म्हनता व्हय? आमच्या वाडीत लाइट आली पासष्ट साली. ह्यांनी आन् तुझ्या अब्बांनी ती सगळी पेटारी गाडीतनं उतरवली, वायरी जोडल्या, पायटं मांडलं, आन् मग तुझे अब्बा हातात पिन धरून भिंतीला भोक शोधाया लागले. ह्या भिंतीला, त्या भिंतीला. रेडिओचा कारागीर, आन् लाइट इसरला. ह्ये कारखान्यातले, ह्ये बी इसरले. समदा मांडव हसत व्हता. अब्बांनी कधी सांगितलं न्हाई ना तुला? कसं सांगतील. पायटं उचलून गाडीत ठिवायला लागले बिचारे, टोपी काढून."

जहीर हसायचा थांबला होता. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी तोंड उघडलं, आणि बऱ्याच वर्षांनी दातांमागे काहीतरी येऊन उभं राहिलं. अंबू थांबली. तिनं माझ्यासाठी ते पुरं केलं नाही. मी ते तसंच राहू दिलं, तेव्हा ती जहीरकडे वळली.

"मग बाबा म्हनले, जेवून जा. आन् ह्ये उठले. म्या खाली मान घालून बसलेले, मला ह्यांचे पायच दिसत व्हते. पायाखाली पायटा न्हाई, काय न्हाई, शेनानं सारवलेली भुई. उजवा पाय आधी दाबला. मग हळूच वर उचलला. आन् नाव घेतलं. तोंडानं. एका दमात. आन् त्या तीन अंबू बी खोट्या, जहीर. वाडीत अंबू एकच व्हती. तिनं ओ दिली."